राजवाड्यांतील विहीर

चीनच्या पेकिंग शहरीं, ज्यास आतां बीजिंग म्हणतात, जुन्या बादशाही वाड्याच्या ईशान्य भागांत एक लहानसा चौक आहे व त्या चौकांत एक विहीर आहे. तिचें तोंड इतकें अरुंद आहे कीं, आपल्या गांवच्या आडाशेजारीं ती विहीर म्हणण्याच्या योग्यतेचीही वाटणार नाहीं. तरी वाडा पाहावयास येणारे लोक मोठमोठीं सिंहासनगृहें मागें टाकून येथवर येतात आणि क्षणभर मुकाट्यानें उभे राहतात. इ. स. १९०० च्या ऑगस्ट महिन्यांत चोवीस वर्षांच्या एका उपराणीचा या विहिरींत अंत झाला. तिला झेन फेइ असें म्हणत. ‘झेन’ म्हणजे मौल्यवान वस्तु, रत्न; ‘फेइ’ हा तिचा दर्जा. पाश्चात्य लेखकांनीं तिला ‘मोती राणी’ केलें, व त्याच नांवानें ती जगास अधिक ठाऊक झाली.

राणी म्हटलें म्हणजे आपल्या मुलामुलींच्या डोळ्यांपुढें हिरेमाणकें, दासी व पालख्या उभ्या राहतात. गोष्टींच्या पुस्तकांनीं करून दिलेली ही समजूत सर्वस्वीं खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु या एका मुलीची हकीकत पाहूं लागलें म्हणजे दागिन्यांपेक्षां दुसऱ्याच गोष्टी पुढें येतात. म्हणून ती येथें थोड्या विस्तारानें देण्याचें आम्ही योजिलें आहे. ती नीट समजण्यास प्रथम त्या वाड्याची रीत समजली पाहिजे.

मांचू लोक मूळचे चीनच्या ईशान्येकडील. इ. स. १६४४ त त्यांनीं पेकिंग घेतलें व १९१२ पर्यंत, म्हणजे २६८ वर्षें, सर्व चीनवर राज्य केलें. त्यांची सारी लष्करी व कौटुंबिक व्यवस्था आठ निशाणांखालीं वांटलेली असे. प्रत्येक मांचू कुटुंब कोणत्या ना कोणत्या निशाणाखालीं नोंदलेलें असून, मोंगल व कांहीं चिनी घराणींही या निशाणांत सामील होतीं. बादशहाच्या राण्या व उपराण्या निवडावयाच्या त्या याच कुटुंबांतून. आपल्या इतिहासांत राजेराजवाड्यांच्या सोयरिकी दोन घराण्यांच्या बोलण्यानें ठरत. येथें मात्र तें काम सरकारी दप्तरानें चाले. दर तीन वर्षांनीं महसूलखात्याकडून निशाणांतील तेरा ते सोळा वर्षांच्या मुलींच्या याद्या तयार होत. वाड्यांत जाऊन पाहणी झाल्याखेरीज बापास मुलीचें लग्न ठरवितां येत नसे; ठरविल्यास तो अपराध होई. मुली गाड्यांत बसून वाड्याच्या उत्तर दरवाजाशीं येत, खोज्यांच्या मागून आंत जात आणि ओळींत उभ्या राहत. जी पसंत पडे तिच्या नांवाची पाटी ठेवून घेत. बाकीच्यांच्या पाट्या परत मिळत व त्या मुली घरीं जाऊन मोकळेपणीं लग्न करीत. पसंत पडलेल्यांपैकींही कांहींची योजना राजकुळांतील इतर पुरुषांसाठीं होई.

दासींची निवड याहून निराळी असे. ती दरवर्षीं होई, व तींत राजगृहाच्या खासगी खात्याकडे बांधलेल्या नोकर-कुटुंबांच्या मुली घेत. या दासी पंचवीस वर्षांच्या झाल्या म्हणजे त्यांस घरीं पाठवून देण्याचा नियम होता. हा नियम वाचतांना आम्हांस एक गोष्ट विशेष जाणवली. भांडीं उचलणाऱ्या, पाणी आणणाऱ्या दासीस आपण कोणत्या सालीं सुटणार हें बोटांवर मोजतां येत असे. जिची ती सेवा करी त्या उपराणीस असें कोणतेंच साल नव्हतें.

वाड्यांतील स्त्रियांचे आठ दर्जे असत. सर्वांत वर महाराणी. तिच्या खालीं श्रेष्ठ उपराणी एक. मग दुसऱ्या पायरीच्या दोन. मग ‘फेइ’ चार. मग ‘पिन’ सहा. आणि त्याखालीं ‘ग्वीरेन’, ‘चांगझाइ’ व ‘दायिंग’ अशा तीन पायऱ्या. या शेवटच्या तिन्हींस संख्येची मर्यादा नव्हती. दर्जाबरोबर वर्षासन ठरलेलें असे. महाराणीस १००० ताएल चांदी, तिच्या खालोखाल ८०० व ६००, फेइला ३००, पिनला २००, ग्वीरेनला १००, चांगझाइला ५० आणि अगदीं खालच्या दायिंगला ३०. एक ताएल म्हणजे आपल्या हिशेबानें सुमारें सवातीन तोळे. महाराणीपाशीं दहा दासी, तर दायिंगपाशीं दोन. रेशमाचीं ठाणें, मांस, भाजी, मेणबत्त्या, हिंवाळ्यांतील कोळसा, सर्व दर्जाप्रमाणें मोजून मिळे. शेजारच्या चौकांत आज किती कोळसा गेला यावरून तेथील स्त्रीची योग्यता कळावी, अशी ती व्यवस्था होती.

वाड्यांत पाऊल टाकलें कीं माहेर सुटलें. घरीं भेटीस जाण्याची चाल नव्हती. मूल होण्याचे दिवस जवळ आले म्हणजे आईस आंत येऊन राहण्याची परवानगी मिळे, आईबाप फार वृद्ध असल्यास विशेष आज्ञेनें भेट होई, एरव्हीं नाहीं. दासीखोज्यांच्या हातीं घरीं निरोप पाठविणें किंवा वाड्यांतील वस्तु माहेरीं देणें यास मनाई होती. पोटचें मूल आपल्याजवळ राहीलच अशीही खात्री नसे. पुढें युंगचंग या नांवानें गादीवर बसलेला बादशहा जन्मला तेव्हां त्याच्या आईचा दर्जा हलका होता, म्हणून त्याचें संगोपन दुसऱ्या, वरच्या दर्जाच्या राणीनें केलें.

दिवस कसा जाई? सकाळीं केस बांधणें हेंच एक मोठें काम असे. मांचू स्त्रिया केसांची रुंद आडवी बांधणी करीत, एकेका कानांत तीन तीन कर्णभूषणें घालीत, आणि मध्यभागीं लांकडाचा उंच ठोकळा बसविलेले जोडे वापरीत. चिनी स्त्रियांप्रमाणें पाय बांधून लहान करण्याची दुष्ट चाल मात्र त्यांच्यांत नव्हती. किंबहुना त्यांस ती मनाच होती. मग वडील राणीस मुजरा, भरतकाम, पाळीव कुत्रीं, चित्रें, सणावारीं नाटक. बादशहा कोणास बोलावणार हें जेवणाच्या वेळीं त्याच्यापुढें ठेवलेल्या नांवांच्या पाट्यांवरून ठरे. ज्यांची पाटी वर्षानुवर्षें उचललीच गेली नाहीं अशा स्त्रियाही त्या भिंतींआड होत्या, व त्यांच्याविषयीं लिहिण्यासारखें इतिहासास कांहींच सांपडलें नाहीं.

या शिडीवरून वर चढण्याचें मुख्य साधन म्हणजे पुत्रजन्म. याचें ठळक उदाहरण त्सूशी हिचें. इ. स. १८५२ त ती ग्वीरेन म्हणून, म्हणजे वर्षाला शंभर ताएलांच्या दर्जावर, वाड्यांत आली. १८५४ त पिन झाली. १८५६ त तिला मुलगा झाला, आणि दुसऱ्याच वर्षीं ती महाराणीच्या खालीं दुसऱ्या पायरीवर पोंचली. १८६१ त बादशहा वारला, मुलगा गादीवर बसला, व राजमाता म्हणून तिनें सत्ता हातीं घेतली ती बहुतेक मरेपर्यंत सोडली नाहीं. मुलगा तरुणपणींच निवर्तल्यावर तिनें आपल्या बहिणीचा तीन वर्षांचा मुलगा आणून १८७५ त गादीवर बसविला. हाच ग्वांगशू बादशहा. ज्या सासूच्या हाताखालीं आमच्या कथेंतील मुलीस नांदावयाचें होतें ती ही.

झेन फेइ टाटारा कुळांतली. तिचा जन्म १८७६ च्या फेब्रुवारींत झाला. तिचा बाप चांगशू महसूलखात्यांत उपमंत्री होता, व आजा प्रांताधिपति होऊन गेलेला. घरांत विद्येची आवड होती. वेन तिंगशी नांवाचा विद्वान, जो पुढें १८९० च्या राजपरीक्षेंत सर्व देशांत दुसरा आला, तो या मुलींस शिकवीत असे. १८८८ च्या हिंवाळ्यांत बादशहासाठीं वधू निवडण्याचा समारंभ झाला. शेवटच्या फेरींत पांच मुली राहिल्या: राजमातेच्या सख्ख्या भावाची मुलगी, एका सुभेदाराच्या दोन मुली, आणि झेन व तिची थोरली बहीण जिन. रीत अशी कीं, बादशहानें जिला महाराणी करावयाचें तिच्या हातीं रत्नजडित राजदंडासारखी मंगलवस्तु द्यावी, व उपराण्यांस भरतकामाचे बटवे द्यावे. सांगतात कीं, तरुण बादशहा सुभेदाराच्या मुलीकडे वळला, तों मागून राजमातेचा दरडावणीचा शब्द आला, आणि ती वस्तु तिच्या भाचीच्या हातीं गेली. हा संवाद खोज्यांच्या तोंडून आलेला आहे, तेव्हां तो अक्षरशः खरा मानूं नये. निकाल मात्र खरा. भाची महाराणी झाली, दोघी बहिणींस बटवे मिळाले, आणि १८८९ च्या फेब्रुवारींत त्या पिन म्हणून वाड्यांत आल्या. तेव्हां झेनचें वय सुमारें तेरा वर्षांचें होतें. आमच्या शाळेंत ज्या मुली पूर्वीं इंग्रजी दुसरी-तिसरींत बसत त्यांच्याएवढी ती.

तिला राहावयास पूर्वेकडील सहा वाड्यांपैकीं ‘जिंगरेन’ हा वाडा मिळाला. दोनशें वर्षांपूर्वीं थोर बादशहा कांगशी याचा जन्म तेथेंच झाला होता. मुलगी हुशार व धीट होती. तिला लिहितां व चित्र काढतां येई. बादशहा तिच्याहून साडेचार वर्षांनीं मोठा. महाराणीशीं त्याचें पटलें नाहीं. या मुलीशीं पटलें. तिनें बाहेरून फोटोचें यंत्र आणवून वाड्यांत फोटो काढण्याचा नाद लाविला असेंही सांगतात. तिचा म्हणून जो फोटो छापला जातो त्याविषयीं मात्र अभ्यासकांचें एकमत नाहीं. तेव्हां ती दिसावयास कशी होती याचें वर्णन आम्ही करीत बसत नाहीं.

१८९४ हें साल तिच्या आयुष्यांत फार चमत्कारिक गेलें. त्या वर्षीं राजमातेची साठी होती, म्हणून आरंभीं दोघी बहिणींस फेइ या दर्जावर चढविण्यांत आलें. त्याच वर्षीं जपानशीं युद्ध जुंपलें व चीनचा पराभवामागून पराभव होऊं लागला. नोव्हेंबरांत राजमातेनें दोघींस एकदम दोन पायऱ्या उतरवून ग्वीरेन केलें. वर्षासन ३०० ताएलांवरून १०० वर आलें. आरोप असा कीं, त्यांनीं राज्यकारभारांत हात घातला व लोकांच्या नेमणुकांसाठीं बादशहाकडे शब्द टाकला. वाड्यांत ताकिदीच्या पाट्या टांगण्यांत आल्या. येथें आम्हांस निःपक्षपातानें सांगितलें पाहिजे कीं, हा आरोप अगदींच निराधार नसावा. अधिकाराच्या जागांसाठीं पैसे देणारे लोक तिच्या खोज्यांपर्यंत पोंचले होते असे उल्लेख आहेत, आणि त्या खोज्यांस कडक शिक्षा झाल्या. तिला निव्वळ देवता करून सोडणारीं नाटकें व चित्रपट पुढें पुष्कळ निघाले. परंतु ती अठरा वर्षांची, लाडकी, व पैशाची नड असलेली मुलगी होती, हें विसरतां कामा नये. तितकेंच हेंही खरें कीं, स्वतः राजमातेच्या अमलांत अधिकाराच्या जागा विकल्या जात नव्हत्या असें कोणीही म्हणूं शकत नाहीं. पुढील वर्षीं दोघींचा दर्जा परत मिळाला.

१८९८ च्या जून महिन्यांत ग्वांगशू बादशहानें सुधारणांचा सपाटा सुरू केला. नव्या शाळा, नवी परीक्षापद्धति, निरुपयोगी जागांची काट. १०३ दिवस हें चाललें. २१ सप्टेंबर रोजीं राजमातेनें सत्ता पुन्हां हातांत घेऊन बादशहास वाड्यालगतच्या तळ्यांतील एका बेटावर नजरकैदेंत ठेविलें. झेन फेइला वाड्याच्या ईशान्य भागांतील एका लहान चौकांत कोंडलें. त्या काळच्या नोकरांनीं पुढें सांगितलें कीं, दार बाहेरून बंद असे व अन्न खिडकींतून आंत देत. ज्या मुलीनें वाड्यांत यंत्रानें चित्रें काढण्याची हौस केली, तिनें सुमारें दोन वर्षें एका खोलींत काढलीं. ती तेथें काय करी, काय वाची, कोणाशीं बोले, याचा एक कागदही मागें नाहीं.

मग १९०० साल उजाडलें. परकीयांचा द्वेष करणारे ‘बॉक्सर’ लोक पेकिंगांत शिरले. राजमातेनें त्यांस आश्रय दिला. २० जूनपासून परदेशी वकिलातींस वेढा पडला. आंत वकील, मिशनरी, त्यांचीं बायकामुलें व हजारों चिनी ख्रिस्ती लोक अडकले. ५५ दिवसांनीं, १४ ऑगस्ट रोजीं, आठ राष्ट्रांचें सैन्य शहरांत घुसलें. त्यांत आपल्या हिंदुस्थानचे शिपाईही होते. वकिलातींत सर्वांच्या आधीं पोंचलेल्या तुकड्यांत सातवी रजपूत पलटण होती.

दुसऱ्या दिवशीं पहांटे राजमातेनें शेतकरी स्त्रीचीं सुती वस्त्रें नेसून, केसांची मांचू बांधणी मोडून, बादशहास बरोबर घेऊन गाडींतून पळ काढला. त्यापूर्वीं झेन फेइ विहिरींत मेली होती. कशी, हा प्रश्न आहे.

दरबारानें मागाहून प्रसिद्ध केलेली हकीकत अशी: राजघराण्याच्या स्वारीबरोबर तिला वेळेवर निघतां आलें नाहीं, म्हणून अब्रू राखण्यासाठीं तिनें वाड्यांतच प्राण दिला. दुसरी हकीकत वाड्यांतील नोकरचाकरांची: राजमातेनें तिला बोलावून आणिलें, तिनें बादशहानें राजधानींत राहून शत्रूशीं बोलणें करावें असें धीटपणें सांगितलें, राजमाता संतापली, व तिच्या आज्ञेनें त्सुइ युक्वी नांवाच्या खोज्यानें तिला विहिरींत ढकललें. या दुसऱ्या हकीकतीचेही पाठ निरनिराळे आहेत. कोणी म्हणतो पहांटे, कोणी म्हणतो आदल्या दिवशीं दुपारीं. कोणी म्हणतो बादशहा समोर होता, कोणी म्हणतो त्यास पत्ताही नव्हता. इतिहास शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनीं अशा वेळीं काय करावें? आम्ही स्वतः तरी हें पाहतों: सांगणारा कोण, त्यानें कधीं सांगितलें, आणि तसें सांगण्यांत त्याचा लाभ कोणता. दरबारास खून कबूल करणें शक्य नव्हतें. नोकरांस, राजमाता मेल्यावर, सारा दोष तिच्यावर घालणें सोयीचें होतें. तरीही दोन वर्षें दाराआड कोंडलेल्या स्त्रीस शहर पडण्याच्या गडबडींत कोणाच्या तरी हुकुमाखेरीज दार उघडून बाहेर येतां आलें असतें, असें आम्हांस वाटत नाहीं. बहुतेक इतिहासकारांचाही कल दुसऱ्या हकीकतीकडेच आहे.

दरबार परत आला तो १९०२ च्या जानेवारींत. त्या सुमारास तिचें प्रेत काढून शहराच्या पश्चिमेस पुरण्यांत आलें होतें. राजमातेनें तिला मरणोत्तर एक पायरी वर चढविलें! ग्वांगशू बादशहा १४ नोव्हेंबर १९०८ रोजीं वारला, व राजमाता दुसऱ्याच दिवशीं. २००८ सालीं चिनी शास्त्रज्ञांनीं बादशहाचे केस व वस्त्रें तपासलीं, तेव्हां तो सोमलाच्या विषानें मेल्याचें ठरलें. तें विष कोणी दिलें हें मात्र सिद्ध झालेलें नाहीं. १९१३ त बादशहाचें शव पश्चिमेकडील राजदफनभूमींत ठेविलें, आणि त्याच वर्षीं झेन फेइचीही शवपेटी त्याच्या थडग्यानजीक नेली.

थोरली बहीण जिन जगली. तिनें विहिरीजवळ धाकट्या बहिणीच्या स्मरणार्थ एक लहानसें देवघर मांडिलें, व १९२१ त तिला आणखी वरचा दर्जा देवविला. हें वाचून मन भरून येतें. पण त्याच सालची दुसरी एक गोष्ट आहे. तेव्हां राज्य जाऊनही शेवटचा बादशहा पुयी वाड्यांतच राहत असे, व जिन ही राजमातांपैकीं एक होती. पुयीनें आपल्या आत्मचरित्रांत लिहिलें आहे कीं, ती त्सूशीचेंच अनुकरण करी व त्याच्यावर कडक नजर ठेवी. तो उलट बोलल्यावर तिनें त्याच्या सख्ख्या आईस बोलावून असें कांहीं खडसावलें कीं, त्या बाईनें घरीं जाऊन अफू खाऊन जीव दिला. ज्या जाचांत आपली बहीण गेली तोच जाच, हातीं काठी येतांच, तिनें दुसऱ्यांस दिला. असें कां व्हावें याचें उत्तर आम्हांस सांपडलेलें नाहीं. जिन १९२४ त वारली, आणि त्याच वर्षीं, ५ नोव्हेंबर रोजीं, पुयीस सैन्यानें वाड्याबाहेर काढलें. १९२५ च्या १० ऑक्टोबरास वाडा पदार्थसंग्रहालय म्हणून लोकांस खुला झाला.

मांचू उपराण्यांच्या मालिकेंतील एक मुलगी सांगावयाची राहिली. तिचें नांव वेनशू. १९२२ त, तेरावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, ती पुयीची उपराणी म्हणून वाड्यांत आली. तिनें वाड्याच्या बागेंतील कोंडलेल्या हरणावर एक निबंध लिहिला होता. तो कोणाविषयीं आहे हें वाचणारास सहज कळे. वाडा सुटल्यावर ती पुयीबरोबर तिएनत्सिन शहरीं राहिली, आणि १९३१ त एके दिवशीं घरांतून निघून थेट वकिलाकडे गेली. चीनच्या बादशहाकडे घटस्फोट मागणारी ही पहिलीच उपराणी. सारें मांचू राजकुळ खवळलें. वर्तमानपत्रें भरून गेलीं. तिच्या एका नातलगानें तिला छापील पत्रांतून शिव्याशाप दिले. ती मागें फिरली नाहीं. कागद झाले, ५५,००० डॉलर पोटगी ठरली, आणि ती पेकिंगास परत गेली. तेथें तिनें कांहीं काळ प्राथमिक शाळेंत मुलांस शिकविलें. शाळेंत तिनें ‘वेनशू’ हें नांव लाविलें नाहीं. वाड्यांत जाण्यापूर्वीं, लहानपणीं, ती स्वतः ज्या शाळेंत जात असे तेथील पटावर तिचें नांव फू यूफांग असें होतें. तेंच नांव तिनें पुन्हां घेतलें.